65 घोडे आणि एक दंतवैद्य

कोल्हापुरात एखाद्या दंतवैद्याने रेसिंगचं इंजिन बांधायला घेतलं तर त्याला कुणी वेड्यात काढत नाही. ज्या गावात शिवाजी उद्यमनगर आहे, जिथल्या ऑईल इंजिनांनी गावोगावच्या विहिरी उपसल्या, तिथे माणूस इंजिन खोलून बसलाय म्हणजे काहीतरी बरंच करत असणार, असं धरून चालतात. मी ज्याला ज्याला बेत सांगितला त्याने ‘किती सीसी?’ एवढंच विचारलं. ‘कशाला?’ असं विचारणारा एक जरी भेटला असता, तर आज माझ्या दवाखान्यात दुसरी खुर्ची असती.

गाडी होती जुनी एस्टीम, कार्बोरेटरवाली. एका पेशंटने इम्प्लांटच्या बिलापोटी दिलेली. 1298 सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, कागदोपत्री 65 अश्वशक्ती. उतरायचं होतं ऑटोक्रॉसमध्ये, 1400 सीसीपर्यंतच्या गटात. ऑटोक्रॉस म्हणजे माळावर मातीत आखलेला वाकडातिकडा ट्रॅक. एका वेळी एक गाडी, आणि झुंज घड्याळाशी. हौशी माणसाला हे सोयीचं, कारण तो मागे पडलाय हे निकाल लागेपर्यंत लोकांना कळत नाही. डोक्यात मात्र कोइमतूरचे एस. करिवर्धन बसले होते. त्यांनी मारुती 800 चं 796 सीसीचं तीन सिलिंडरांचं इंजिन घेऊन ‘फॉर्म्युला मारुती’ ही एकट्याने बसायची रेसिंग कार उभी केली. नारायण कार्तिकेयननेही सुरुवातीला तीच चालवली. 796 सीसीत एवढं होतं, आणि माझ्याकडे तर पाचशे सीसी जास्त होते. हा हिशेब मला त्या वेळी बिनतोड वाटला.

इंजिन बांधणार होते उद्यमनगरातले मामा. सत्तरी ओलांडलेली, बोलणं कमी, कानावर कायम पेन्सिल. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “डॉक्टर, ट्रॅकला सरळ रस्ता केवढा हाय?”

“मामा, मला 90 घोडे पाहिजेत,” मी म्हणालो.

मामांनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.

बोअरिंगवाल्याने बोअर 74 मिलिमीटरचा 74.5 केला आणि इंजिन 1316 सीसीचं झालं. वाढलेले 18 सीसी म्हणजे जेमतेम एक मोठा चमचा. पण मी घरी पेढे आणले. कॅम ग्राइंडिंगला गेला आणि व्हॉल्व्ह जास्त उघडणारा, जास्त वेळ उघडा ठेवणारा होऊन परत आला. मामांनी तो हातात फिरवून बघितला. “ह्यो चार हजाराच्या वर जागा हुतोय. खाली झोपतोय.” मी वर राहायचं ठरवलंच होतं. इंजिन मिनिटाला 7000 फेऱ्यांवर फिरवायचं, म्हणजे 75.5 मिलिमीटरच्या स्ट्रोकमध्ये पिस्टन सरासरी ताशी 63 किलोमीटरने खालीवर पळणार, आणि गाडी गॅरेजात उभीच. हे मी पेशंटांनाही सांगत असे. त्यांच्या तोंडात कापूस असल्याने त्यांना दादच द्यावी लागे.

हेडच्या कामाला मात्र मी मामांना हात लावू दिला नाही. हेडमधल्या ज्या वाटांनी हवा आत येते आणि धूर बाहेर जातो त्या ओतकामाच्या वेळच्या खडबडीत असतात. त्या घासून मोकळ्या केल्या की इंजिनाचा श्वास वाढतो. याला पोर्टिंग म्हणतात. आता, जो माणूस रोज मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेणारा बर लोकांच्या दाढेत सुरक्षित फिरवतो, त्याला हे काम कोण शिकवणार? मी डोक्याला दिवा बांधला, डोळ्यांना भिंग लावलं आणि दवाखाना बंद झाल्यावर हेड खुर्चीवर आडवं केलं. खुर्ची मागे कलती केली. सवयीने ‘आ करा’ म्हणालो असेन तर मला आठवत नाही. कंपाउंडर म्हणतो, म्हणालात.

अॅल्युमिनियम दातापेक्षा फार मऊ. बर नुसता टेकवला की चांदी उडते, आणि आणखी थोडं, आणखी थोडं, असा मोह होतो. दुसऱ्या सिलिंडरच्या इनलेटची आतली भिंत मी इतकी सुबक वळवली होती की तिच्याकडे बघत चहा प्यालो. चहानंतर शेवटचा हात फिरवताना एक काळा ठिपका दिसला. कीड असावी म्हणून जरा खणलं. ठिपका मोहरीएवढा झाला. त्यात प्रोब घातला तर तो आत जातच राहिला.

सकाळी मामांनी त्यात तार घालून बघितली. तार पाण्याच्या वाटेतून बाहेर आली. इंजिन थंड ठेवणारं पाणी त्या भिंतीमागूनच फिरतं.

“नस लागली, डॉक्टर,” मामा म्हणाले.

मग पोर्टकडे बघत आणखी एक गोष्ट म्हणाले. इनलेटला आरसा करायचा नसतो. कार्बोरेटरची गाडी, पेट्रोलचे थेंब गुळगुळीत भिंतीवर ओघळून बसतात, थोडी खरखर असली तर हवेबरोबर चालतात. आरसा धुराच्या वाटेला करायचा. मी आठही वाटांत स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत पॉलिश मारलं होतं.

तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. भोक आर्गन वेल्डिंगने बुजवलं. आर्गनच्या उष्णतेने हेड वाकलं. वाकलं म्हणून त्याचा तळ घासून सपाट करून, म्हणजे फेस मारून आणला. कॉम्प्रेशन वाढवायला एक फेस आधीच मारलेला होता, आता दुसरा. हेड खाली आलं, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ आले. किती जवळ, हे बघायला मामांनी क्ले मागितला. मुलीच्या दप्तरातून गुलाबी क्ले आणला. तो पिस्टनच्या माथ्यावर थापला, हेड बसवून हाताने क्रँक पुरते दोन वेढे फिरवला आणि हेड पुन्हा उचललं. गुलाबी क्लेवर व्हॉल्व्हचा गोल ठसा इतका रेखीव उठला होता की मी रोज घेतो त्या मापांत तसा क्वचित येतो. मामांनी ब्लेडने तो चिरला आणि व्हर्नियर लावला. अर्धा मिलिमीटरही नव्हता. कॅमला तर दीड-दोनची जागा लागते. मग पिस्टनला खाचा मारून आणल्या.

मग दहनकक्ष मोजला. हेड उलटं करून काचेची पट्टी ग्रीसने चिकटवली आणि तिच्या भोकातून इंजेक्शनच्या सिरिंजने रॉकेल सोडलं. एवढं एक काम मला उत्तम जमलं. गॅस्केट आणि खाचा धरून 33 सीसी. सिलिंडरचे 329 अधिक 33, भागिले 33: कॉम्प्रेशन 11 ला एक. मूळचं नवाच्या घरात होतं. 2020 च्या आधीची गोष्ट. 100 ऑक्टेनचं पेट्रोल आपल्याकडे पंपावर मिळायला अजून अवकाश होता. साध्या 91 वर अशा इंजिनात ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं पेट्रोल आपलं आपण पेटतं आणि आतून हातोडीसारखा टणटण आवाज येतो. तो बंद व्हायला मामांनी डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं, आणखी मागे घेतलं. टायमिंगबरोबर ताकदही मागे गेली. म्हणजे जादा ताकदीसाठी वाढवलेलं कॉम्प्रेशन सहन व्हावं म्हणून आम्ही ताकद कमी करत होतो. मी हे मामांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “आत्ता आलं ध्यानात.”

तपासणीसाठी गाडी टेम्पोवर घालून पुण्याला ताकद मोजायच्या डायनोवर नेली. पुढची चाकं रोलरवर, गाडीला चार बाजूंनी पट्टे, समोर मोठा पंखा. डायनोवाल्या मुलाने कानात बोळे घातले आणि थर्ड गिअरमध्ये पाय दाबला. आवाज जगात भारी होता. शेजारच्या शेडमधली माणसं बघायला आली. पडद्यावर आकडा आला 49. गिअरबॉक्स आणि टायर आठ-दहा घोडे खातात हे धरलं, तरी मूळच्या इंजिनाचे 55 यायला हवे होते. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, हवा विरळ, असं मी म्हणून पाहिलं. ती घट मशीन आपणहून भरून काढतं, असं त्या मुलाने सांगितलं. म्हणजे 49 हा सवलतीचा आकडा होता.

स्पर्धेला तरी मी उतरलो, कारण फी भरलेली होती. स्क्रुटिनीवाल्यांनी हेल्मेट बघितलं, बेल्ट ओढून बघितले. झेंडा पडला. चार हजारांच्या वर क्लच सोडला तर चाकं जागेवर माती उकरत. खाली सोडला तर इंजिन बंद. कसाबसा निघालो. ट्रॅकला सरळ रस्ता बैलगाडीला धड वळता येणार नाही एवढाच होता. प्रत्येक वळणाला आकडा अडीच हजारांवर येई आणि मामांच्या शब्दाप्रमाणे कॅम झोपे. तो उठेपर्यंत पुढचं वळण. एका उजव्या वळणावर कार्बोरेटरमधलं पेट्रोल एका कडेला गेलं आणि गाडी फटाफट आवाज करत उभी राहिली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मुद्दाम केलं. निकालात माझ्याखाली एकच गाडी होती. तिचं चाक निखळलं होतं.

पुढच्या आठवड्यात मामांनी भंगारातून एका अपघातातल्या एस्टीमचं हेड आणलं, त्याच गाडीचा कॅम घातला, टायमिंग जाग्यावर आणलं. गाडी पहिल्या सेल्फला लागली आणि शहाण्यासारखी घुमू लागली. बॉनेटवर वाकलेल्या मामांचा डावा गाल सुजलेला दिसला.

“काय झालं हो मामा?”

“दाढ काढली काल.”

“काढली? कुणाकडं?”

मामा कार्बोरेटरकडे बघत राहिले. मग हात पुढे करून म्हणाले, “दहाचा पाना द्या जरा.”