तात्यांचं गिरमिट

मागे एका दशक्रियेला कावळा शिवेना. ऊन चढलं, प्रवचन दोनदा संपलं, भाऊबंदांनी पिंडासमोर हात जोडून नाना वचनं दिली. शेवटी कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याचा जीव कशात तरी अडकलाय." 'अडकलाय' हा शब्द कानावर पडायचा अवकाश, मागच्या रांगेतले तात्या उठून चालू लागले. तडक म्हाताऱ्याच्या घरी गेले. तिथं सहा महिने न उघडलेली एक पत्र्याची पेटी होती. बिजागरीत रॉकेल सोडून त्यांनी ती उघडली आणि परत आले, तोवर कावळा शिवून गेला होता. हा गुण पेटीचा की कावळ्याच्या भुकेचा, यावर अवसरी बुद्रुकच्या पारावर अजून दोन मतं आहेत. तात्यांना विचारलं तर म्हणतात, "ते मला ठावं नाय. बिजागरी मात्र गंजली होती."

तात्यांनी साठी ओलांडलीय. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि नेहरू शर्टाच्या खिशात दोन पान्हे. धंदा बोअरमधल्या मोटारी काढण्या-बसवण्याचा. तीनशे फुटांवर रुतून बसलेली पाणबुडी मोटार तिवई उभारून, चेनपुलीनं बोटबोट वर घेताना त्यांचा चेहरा काकडआरतीला दिसतो तसा दिसतो. आषाढीची वारी चुकत नाही. खोकल्याच्या औषधात अल्कोहोल असतं हे कुणीतरी सांगितल्यापासून ते खोकला अंगावर काढतात.

असा माणूस वाईनच्या बाटलीचं बूच काढायच्या हत्याराच्या नादी लागला, त्याचं पाप माझ्या माथी आहे.

झालं असं, की आमच्या पुण्याच्या कचेरीतल्या साहेबांनी निवृत्त होताना मला एक परदेशी बाटली दिली. घरी उघडायची चोरी. म्हणून यात्रेला गावी आलो तेव्हा पिशवीत घालून आणली आणि रात्री चुलत्यांच्या मळ्यात पाच जण जमलो. शेजारी ऊस, उसात बिबट्या असण्याची शक्यता, त्यामुळे एक जण नुसता बॅटरी मारायला. बाटली आली, पेले आले, फरसाण आलं. बूच काढायचं साधन मात्र कुणाकडेच नव्हतं. सुरी झाली, खिळा झाला. मग एकानं लाकडाचा स्क्रू पिळून पकडीनं ओढला. टपकन आवाज झाला आणि बुचाचा वरचा अर्धा भाग हातात आला. खालचा अर्धा गळ्यात तसाच.

"आयला, अडकलं की रे!"

पलीकडच्या बांधावर तात्या होते. शेतीची वीज रात्रीची, त्यामुळे मोटार चालू करायला आलेले. आम्ही बाटली लपवीपर्यंत ते समोर उभे.

"काय अडकलं?"

"काही नाही तात्या. औषध आहे. फवारणीचं."

तात्यांनी बाटली घेऊन बॅटरीच्या उजेडात धरली. "आत काय हाये त्याच्याशी मला करायचं नाय. हे गळ्यात इतकं लांब कशापायी ठोकलंय?"

बाकीच्या चौघांनी माझ्याकडे बघितलं. मी साहेबांकडून ऐकलेलं सांगितलं, की बूच म्हणजे पोर्तुगालकडच्या ओकच्या झाडाची साल. झाड पंचवीसेक वर्षांचं झालं की पहिल्यांदा सोलतात, मग दर नऊ वर्षांनी. साधं बूच 38 ते 45 मिलिमीटर लांब. भारी वाईन बरीच वर्षं मुरवायची असली तर 54 मिलिमीटरपर्यंत जातं. आणि 24 मिलिमीटर जाडीचं बूच दाबून साडेअठरा मिलिमीटरच्या गळ्यात बसवलेलं असतं.

तात्यांचे डोळे चमकले. "म्हंजे वरून दाबून बसीवलेलं, खालून वलं आन् मधी वाव नाय. बोअरचाच खेळ हाये की." आणि बाटली घेऊन ते निघून गेले. आम्ही पाच जण फरसाण खाऊन झोपलो.

सकाळी काकूंना देवघराच्या मागं बाटली सापडली. भजनी मंडळात कुजबुज झाली, वीणेकऱ्यांनी बोलणं टाकलं. तात्यांनी एकादशीच्या भजनात उभं राहून खुलासा केला, "माझा आतल्याशी संबंध नाय. मी फक्त बुचाचा मान्स हाये." त्यानं संशय फिटण्याऐवजी त्यांना 'बूचवाले तात्या' हे नाव तेवढं पडलं.

पहिला प्रयोग सुताराच्या गिरमिटानं झाला. गिरमिट सुरेख आत गेलं आणि तितक्याच सुरेखपणे बाहेर आलं. बुचाला आरपार भोक, आणि बाटलीत भुसा. तात्या रात्रभर त्या भुशाकडे बघत बसले. मला सकाळी फोन आला. "कळलं का? गिरमिटाला मधी दांडा आसतो. दांडा जागा खातो. आपल्याला भोक नाय पाडायचं, पकड घ्यायचीये. मधून काडेपेटीतली काडी जाईल आसा पोकळ पीळ पायजे. सापाच्या वेटोळ्यावानी."

दुसरा पीळ सायकलच्या स्पोकचा केला. बुचात शिरला, पण ओढताच सरळ झाला. जिलबी घालून शेव काढली, असं काकू म्हणाल्या. तिसरा एका जुन्या डिझेल इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा. ती लाल करून सरळ केली, खिळ्यावर गुंडाळली, पुन्हा लाल करून तेलात पाणी दिलं आणि टोक कानशीनं विंचवाच्या नांगीसारखं केलं. हा पीळ टिकला. मग प्रश्न आला की बुचं कुठून आणायची.

भंगारवाल्याकडे बाटल्या ढिगानं होत्या, पण रिकाम्या. म्हणजे बूच काढायचं यंत्र करायला आधी बूच बसवायचं यंत्र करणं आलं. तात्यांनी ते जॅक आणि पाइपाच्या क्लॅम्पपासून तीन आठवड्यांत केलं. त्याचं कुणी कौतुक केलं तर वैतागायचे, कारण ते मूळ काम नव्हतं. बाटल्यांत विहिरीचं पाणी. चाळीस बाटल्या पाणी भरून, बूच मारून, पडवीत आडव्या लावलेल्या. पाहुणे यायचे, बघायचे आणि चहाला नको म्हणून थांबायचे.

पण बुचं? आधी त्यांनी नारायणगावचा माग काढला. आपल्या भागात वाईन म्हटलं की नारायणगाव आठवतंच. 1980 च्या दशकात शामराव चौगुल्यांनी तिथं द्राक्षांपासून शॅम्पेनच्या धाटणीची फसफसती वाईन काढली आणि ती परदेशात पाठवली. तिथल्या एका ओळखीच्यानं शोकेसमधली जुनी बाटली दिली. तात्यांनी तारेची जाळी सोडली आणि पीळ टेकवायच्या आत बूच फाटकन उडून कौलाला लागलं. आतला वायूच ते ढकलतो, त्याला ओढावं लागत नाही. अळंबीसारखं ते बूच हातात घेऊन तात्या खिन्न झाले. "ह्याच्यात काय मजा? हे आपण हून येतं."

मग शाळेमागच्या बुचाच्या झाडाकडे लक्ष गेलं. पांढऱ्या लांब दांड्याच्या फुलांचं, ज्याला शहरात आकाशनीम म्हणतात ते. इंग्रजांनी त्याची साल बुचाऐवजी वापरली, म्हणूनच हे नाव. पण ती साल पोर्तुगालच्या सालीपुढे हलकीच. दाबली की खारीसारखी चुरा होई. तात्यांना हे कळेपर्यंत झाडाला खालून चार फूट साल उरली नव्हती आणि मुख्याध्यापकांनी लेखी विचारणा केली होती. अखेर मीच पुण्यातल्या हॉटेलांतून वापरलेली लांब बुचं गोळा करून एस्टीनं पाठवू लागलो. कंडक्टरनं एकदा विचारलं, पार्सलात काय? म्हटलं, बुचं. "नुसती?" "नुसती." त्यानं माझ्याकडे फार सहानुभूतीनं पाहिलं.

कांद्याच्या गोणी तोलायचा हुककाटा बाटलीला लावून तात्यांनी ओढ मोजली. लांब बूच 30 किलोच्या पुढं जाई. "एवढा कांदा उचलायचा आन् तोही दोन बोटांनी." म्हणजे तरफ हवी. लांब बुचाला लांब पीळ, लांब पिळाला लांब तरफ. पहिलं पूर्ण हत्यार तयार झालं ते पाऊण किलोचं. ते खिशात ठेवून तात्या मंचरच्या बाजारात गेले आणि खिसा फाटून येताना हातात घेऊन आले. काकूंनी ताडपत्रीचा खिसा शिवून दिला. पुढल्या खेपेला शर्ट फाटला, खिसा शाबूत.

"तात्या, खिशातलंच कशाला पाहिजे? घरात ठेवा की."

"आरं, अडकायचं ते घर बघून अडकतं व्हय? वाटंत अडकतं. देव आन् पान्हा, दोन्ही अंगावर पायजेत."

उत्तर अखेर बोअरनंच दिलं. एका मळ्यात पाइप काढताना दहा फूट ओढून झाल्यावर तात्यांनी क्लॅम्प मारला, चेन खाली घेतली आणि तसेच थांबले. मळेवाला ओरडतोय, मोटार अधांतरी, आणि तात्या पाइपाकडे बघून हसतायत. बूच तरी एका दमात का काढायचं? तरफेला दोन पायऱ्या! पहिली पायरी बाटलीच्या काठाला लावून अर्धं काढायचं, दुसरी लावून उरलेलं. तरफ निम्मी झाली, आणि बूच तिरकं न होता सरळ वर येऊ लागलं. तिरकं झालं की मोडतं. शिवाय रुतलेला पाइप ओढण्याआधी थोडा फिरवतात, त्याची धरलेली मिठी सुटते. म्हणून पिळाच्या वर त्यांनी एक चकती बसवली. पीळ पुरा गेला की चकती बुचाला टेकते, आणि मग पुढं फिरवलं की बूचच फिरतं.

हे बघायला शेजारच्या अवसरी खुर्दच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातला एक विद्यार्थी आला. त्यानं हत्यार उलटसुलट पाहिलं, मोबाइल काढला आणि जरा चाचरत म्हणाला, "तात्या, ही चकती झालेली आहे. सॅम्युएल हेनशॉल म्हणून इंग्लंडात होता. 1795 चं पेटंट आहे. बूच काढायच्या हत्याराचं पहिलंच."

पडवीत शांतता पसरली. काकूंनी माझ्याकडे बघितलं.

"1795," तात्या सावकाश म्हणाले. "म्हंजी खर्ड्याची लढाई झाली ते साल. सवाई माधवराव गेले ते साल. काय करायचा हा?"

"पाद्री होता."

"म्हंजी माळकरीच की!" तात्यांनी मांडीवर थाप मारली. "बघ, मी चुकलो नव्हतो. दोनशे वर्षांमागं एका महाराजालाबी तेच सुचलं."

पोरानं मग भीड सोडली. बाटलीच्या काठावर टेकणारी तरफ जर्मनीत रोस्टॉकच्या कार्ल विन्केनं 1882 साली नोंदवली. दोन पायऱ्यांची तरफ स्पेनमध्ये निघाली. आणि टेक्सासच्या हर्बर्ट ॲलननं 1979 च्या सुमारास आणखी सोपं केलं. लांब पिळाला टेफ्लॉनचा लेप दिला. नुसतं फिरवत राहायचं, बूच आपोआप पिळावर चढत वर येतं.

"हा ॲलन काय करायचा?"

"तेलाच्या विहिरी खोदायची यंत्रं बनवायचा."

तात्या उभे राहिले. "बोअरवाला!" त्यांचा आवाज दाटला होता. पुढं काही वेळानं त्यांनी टेफ्लॉन म्हणजे काय ते विचारलं. पोरगं म्हणालं, न चिकटणाऱ्या तव्यावर असतं ते. काकू उठून आत गेल्या आणि तवा कुठं ठेवला ते आजतागायत त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.

जाता जाता पोरानं शेवटचा घाव घातला. आता नाशिकच्या कितीतरी वाइनींना बूचच नसतं, फिरकीचं झाकण असतं. हातानं पिळलं की उघडतं.

"आन् ते अडकल्यावर काय करत्यात?" तात्यांनी विचारलं. पोराकडे उत्तर नव्हतं.

चौदावं हत्यार खिशात मावलं. वजन दोन मोठ्या बटाट्यांइतकं. मी ते पुण्याला आणलं आणि साहेबांकडे जेवायला गेलो तेव्हा लांब बुचाची बाटली बघून धीर करून काढलं. पीळ गेला, चकती टेकली, बूच कुरकुरत फिरलं. पहिली पायरी, दुसरी पायरी, आणि सबंध बूच, तळासकट, हातात आलं. टाळ्या पडल्या. कुठून घेतलं? "आंबेगाव तालुका," मी म्हणालो. लोकांना ते फ्रान्समधलं गाव वाटलं असावं.

रात्री फोन आलाच. "उघडलं?"

"उघडलं, तात्या."

"सरळ आलं?"

"सरळ."

"तळ तुटला का?"

"नाही. अख्खं आलं."

आत काय होतं, कसं लागलं, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. वर्षभर ज्याच्यापायी झोप घालवली, ते सुटलं होतं. मग बऱ्याच वेळानं, एखाद्या पोरक्या माणसासारखा, आवाज आला, "मंग आता?"

मला काही सुचेना. मी स्वयंपाकघरात नजर फिरवली. नळ नीट, कडी नीट, कुकरची शिट्टीसुद्धा नीट. फडताळात मागे आईनं दिलेली कैरीच्या लोणच्याची बरणी दिसली.

"तात्या, बरणीचं झाकण बसलंय. दोन महिने उघडत नाही."

"कोणत्या बाजूनं पिळतोस?"

"डाव्या."

"हात लावू नको!" आवाज एकदम तीस वर्षांनी तरुण झाला. "हलवू नको, ठोकू नको, गरम पाण्यात तर आजिबात घालू नको. उद्याच्या पयल्या एस्टीनं येतोय मी."