बाजारात तुरी आणि आठ नॅनोमीटर

आठ की चार?

या एका प्रश्नावरून जगभरची शिकलीसवरली, कमावती, काही तर पोराबाळांची माणसं तीन वर्षं एकमेकांची अक्कल काढत होती. आठ आणि चार म्हणजे नॅनोमीटर. निन्टेन्डोच्या पुढच्या व्हिडिओगेम कन्सोलमधली चिप सॅमसंगच्या कारखान्यात आठ नॅनोमीटरच्या जुन्या पद्धतीनं निघणार, की टीएसएमसीच्या कारखान्यात चार नॅनोमीटरच्या नव्या, कमी वीज खाणाऱ्या, हा तो वाद. २०२२ साली तो पेटला तेव्हा कन्सोल जाहीर झालेला नव्हता, त्याला नाव नव्हतं, आणि कंपनी ‘असं काही येतंय’ एवढंही म्हणायला तयार नव्हती. म्हणीतल्या तुरी निदान बाजारात तरी असतात. इथे पेरणीचाच पत्ता नव्हता.

प्रकरण ज्यांच्या डोक्यावरून गेलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. निन्टेन्डोचा स्विच हा दुहेरी कन्सोल. डॉकमध्ये ठेवला की खेळ टीव्हीवर, उचलून घेतला की तोच खेळ हातातल्या पडद्यावर. पहिला ३ मार्च २०१७ ला आला आणि आजवर पंधरा कोटींहून जास्त खपला. दुसरा, म्हणजे स्विच २, आला ५ जून २०२५ ला. एकाच चिपला घरी भिंतीतल्या विजेवर आणि बाहेर बॅटरीवर असे दोन संसार करायचे असतात, म्हणून चिप कोणती, याला महत्त्व आहे. ते मला मान्य. पण तीन वर्षं?

गंमत अशी की या कन्सोलचं गुपित असं काही उरलंच नव्हतं. २०२२ च्या फेब्रुवारीत लॅप्सस नावाच्या हॅकर टोळीनं ही चिप आखणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या संगणकांवर दरोडा घातला. चोरीच्या मालात टी-२३९ नावाच्या चिपचा तपशील निघाला. १५३६ ग्राफिक्स कोअर, अँपिअर घराणं, सगळं लिहिलेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाच्याच एका इंजिनिअरनं लिनक्सला पाठवलेल्या दुरुस्तीत जाता जाता लिहून टाकलं की या चिपमध्ये आठ सीपीयू कोअर आहेत. २०२४ मध्ये जहाजी मालाच्या नोंदींतून १२ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवण बाहेर आली. हे सगळं पुढे तंतोतंत खरं ठरलं. चोरानं, इंजिनिअरनं आणि मालाच्या कारकुनानं मिळून पत्रकार परिषद उरकून टाकली होती.

मग तीन वर्षं लोकांनी काय केलं? त्यावर विश्वास ठेवला नाही.

म्हणजे आकड्यांवर ठेवला, पण त्यांतून जो कंटाळवाणा निष्कर्ष निघत होता त्यावर ठेवला नाही. युक्तिवाद असा: १५३६ कोअर आठ नॅनोमीटरच्या चिपवर, तेही हातातल्या यंत्रात चालवायचे, तर बॅटरी तासाभरात मान टाकेल. वेग फार उतरवून उपयोग नाही, एका मर्यादेखाली वीज वाचतच नाही. निन्टेन्डोचे इंजिनिअर काही वेडे नाहीत. सबब चिप चार नॅनोमीटरचीच असली पाहिजे. पुढे तक्ते आले, आलेख आले, लॅपटॉपच्या चिपवर प्रयोग करून काढलेले वॉटचे आकडे आले. स्थळाचं तोंड पाहिलेलं नसताना नुसत्या पत्रिकेवरून छत्तीस गुण जुळवणारे गुरुजीही इतकं गणित करत नाहीत, आणि करतात त्याची निदान दक्षिणा घेतात.

अखेर हौशी तज्ज्ञांनी चिपचे थर काढून मायक्रोस्कोपखाली फोटो घेतले. सॅमसंग. आठ नॅनोमीटरच्याच घराण्यातली. डॉकमध्ये ग्राफिक्सचा वेग १००७ मेगाहर्ट्झ, हातात घेतला की ५६१. बॅटरी किती पुरते? कंपनीच्याच अंदाजानं दोन ते साडेसहा तास. थोडक्यात, तक्तेवाल्यांचं भौतिकशास्त्र बऱ्यापैकी बरोबर होतं. ‘दोनच तास चालली तर चालू दे की’ असं एखादी कंपनी शांतपणे ठरवू शकते, याला मात्र त्यांच्या तक्त्यात रकाना नव्हता.

हा रोग नवा नाही. १७ मार्च २०१५ ला निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनी डीएनए या कंपनीशी हातमिळवणी करून मोबाइल गेममध्ये उतरत असल्याचं जाहीर केलं. आता हे कन्सोल सोडणार अशी आवई उठेल, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्याच बैठकीत सांगितलं की नवं यंत्रही चालू आहे, सांकेतिक नाव एनएक्स (हाच पुढे पहिला स्विच झाला). एक तर्क थांबवायला दोन अक्षरं दिली आणि त्या दोन अक्षरांवर पुढचे एकोणीस महिने अफवांचा कारखाना चालला. इवाता स्वतः त्या जुलैत वारले. कंपनी गप्प बसली आणि बाकी सगळे बोलत राहिले.

त्यातला सुतावरून स्वर्ग गाठण्याचा अस्सल नमुना म्हणजे तो अंडाकृती कंट्रोलर. निन्टेन्डोच्या एका पेटंट अर्जात लंबगोल यंत्राची आकृती होती, पुढचा सगळा भाग पडदा आणि त्यातून वर आलेल्या दोन स्टिक. पेटंट म्हणजे उत्पादन नव्हे, कंपन्या डोक्यात आलेलं काहीही नोंदवून ठेवतात. पण २०१६ च्या मार्चमध्ये हुबेहूब त्याच यंत्राचे फोटो फिरायला लागले. बटणं कुठे गेली, घाम आलेल्या अंगठ्यानं काचेवर खेळायचं कसं, यावर खल झाला. काही जण तर त्याची सवय कशी होईल हेही समजावून सांगू लागले होते. काही दिवसांतच ज्यांनी ते फोटो घडवले त्यांनीच कसे घडवले ते दाखवून दिलं. एक यंत्र तर थ्रीडी प्रिंटरमधून निघालं होतं. समजावून सांगणारे त्यानंतर कुठे गेले ते कळलं नाही, पण पुढच्या अफवेला सगळे हजर होते.

पुन्हा चिपकडे. एनएक्सच्या वेळीही हट्ट हाच होता की एनव्हिडियाची ताजी पास्कल घराण्यातली चिपच हवी. डिसेंबर २०१६ मध्ये ‘युरोगेमर’ या संकेतस्थळानं खरे वेग छापले: डॉकमध्ये ७६८ मेगाहर्ट्झ, हातात ३०७.२. सुतक पडलं. मग चीनमधल्या कारखान्यातून आलेल्या म्हणे कुठल्याशा बातमीत यापेक्षा मोठे आकडे होते, ते लोकांनी छातीशी कवटाळले. प्रत्यक्षात निघाली टेग्रा एक्स-१, जी एनव्हिडियानं जानेवारी २०१५ मध्येच जगाला दाखवली होती आणि त्यांच्या टीव्हीला जोडायच्या डब्यात आधीच बसली होती. दोन वर्षांची शिळी चिप. पंधरा कोटींचा आकडा तिच्याच जिवावर उभा आहे.

निन्टेन्डो शिळ्या कढीला ऊत आणते, यात धक्का बसण्यासारखं काय आहे? ते तर या कंपनीचं घोषित धोरण. गुनपेई योकोई हा माणूस १९६५ मध्ये तिथे लागला तो हानाफुदाचे पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. त्याचं म्हणणं असं की जुनं होऊन स्वस्त झालेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा भलताच उपयोग शोधावा. कॅल्क्युलेटरचे पडदे स्वस्त झाले तेव्हा, १९८० मध्ये, त्यानं गेम अँड वॉच काढलं. १९८९ च्या गेमबॉयला पडदा हिरवट, रंगाचा पत्ता नाही, पण चार पेन्सिल सेलवर तो दिवसच्या दिवस चालायचा. प्रतिस्पर्धी सेगाच्या गेम गिअरला रंगीत पडदा होता आणि सहा सेल काही तासांत गिळायची भूक होती. कोण जिंकलं ते सांगायला नको. एवढा इतिहास पाठ असलेली माणसं दर वेळी नव्यानं म्हणतात, ‘या खेपेला नाही करणार असं.’

मधल्या २०२१ चा किस्सा तर हृद्य आहे. तेव्हा ‘स्विच प्रो’ येणार होता. मार्चमध्ये ‘ब्लूमबर्ग’नं बातमी दिली की सॅमसंगचा सात इंची ओएलईडी पडदा येतोय, टीव्हीवर फोर-केही दिसणार. ६ जुलैला निन्टेन्डोनं खरंच सात इंची ओएलईडी पडद्याचा स्विच जाहीर केला. आत चिप? तीच. अर्धी बातमी खरी ठरली आणि नेमकी नको ती अर्धी. लोकांनी नाकं मुरडली, मग मुकाट्यानं तो घेतला, मग त्या पडद्याच्या प्रेमात पडले. आणि चार वर्षांनी स्विच २ आला तेव्हा पडदा ७.९ इंची, १०८० पिक्सेलचा, सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा, आणि एलसीडी. आता ओएलईडी नाही म्हणून गळे काढणं सुरू झालं.

सगळ्यांत राग येण्याजोगी गोष्ट मात्र नॅनोमीटरची नव्हे, स्टिकची. पहिल्या स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरना ड्रिफ्टचा आजार होता. हात न लावता स्टिक आपणच सरकायची, खेळातला गडी कड्यावरून चालत जायचा. कारण क्षुल्लक. स्टिकखाली कार्बनचा पातळ पट्टा असतो आणि धातूची बारीक पाती त्यावर घासत जागा सांगत असते. घासून घासून पट्टा झिजतो, धूळ साठते, आणि पाती खोटं सांगायला लागते. जून २०२० मध्ये अध्यक्ष फुरुकावा यांना भागधारकांसमोर दिलगिरी व्यक्त करावी लागली. यावर ‘हॉल इफेक्ट’ स्टिकचा इलाज आहे. त्यात चुंबक असतो, घासायला काही नसतं. इतर कंपन्या असे सुटे भाग विकतात. साहजिकच स्विच २ मध्ये हॉल इफेक्ट येणारच, हे सर्वांनी गृहीत धरलं. जॉय-कॉन चुंबकानं चिकटणार अशी बातमी आल्यावर तर पुरावाच मिळाला. चुंबक आहे म्हणजे हॉल आहे! एप्रिल २०२५ मध्ये कंपनीच्या अमेरिकन अधिकाऱ्यानं सरळ सांगितलं की नाही. जूनमध्ये यंत्रं उघडून तपासणाऱ्या ‘आयफिक्सइट’नं कंट्रोलर उघडला तर आत तोच कार्बनचा पट्टा, तीच पाती. दुरुस्तीसुलभतेचे गुण दहापैकी तीन. इथे मात्र मी तर्कबाजांच्या बाजूनं आहे. त्यांनी अंदाज बांधला नव्हता, मागणी केली होती, आणि ती रास्त होती.

मग जानेवारी २०२५. लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात गेन्की नावाच्या सुटे सामान बनवणाऱ्या कंपनीनं स्विच २ ची प्रतिकृती टेबलावर मांडली. नवरा मांडवात यायच्या आत त्याचा पुतळा लोकांच्या हातात. मे महिन्यात निन्टेन्डोनं कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात खटला भरला, पुढे तडजोड झाली. त्याच जानेवारीत अधिकृत व्हिडिओ आला. त्यात उजव्या बाजूला खाली एक काळं, नाव नसलेलं बटण दिसलं. अडीच महिने त्या बटणावर निबंध लिहिले गेले. निघालं काय? गप्पा मारायचं बटण. एकमेकांशी बोलायला.

आणि जे खरोखर खिशाला लागणार होतं त्याचा कुणाला वासही आला नाही. २ एप्रिलला निन्टेन्डोनं किंमत सांगितली, ४४९.९९ डॉलर. त्याच दिवशी ट्रम्पसाहेबांनी जगभरच्या मालावरचं आयातशुल्क जाहीर केलं. अमेरिकेतलं ९ एप्रिलचं बुकिंग पुढे ढकललं गेलं, ते २४ ला सुरू झालं. चिपवरचे अणू मोजणाऱ्यांच्या नजरेतून व्हाइट हाउस सुटलं. ‘गेम-की कार्ड’ही सुटलं. हे कार्ड दुकानातून विकत आणायचं, यंत्रात घालायचं, आणि मग कळतं की त्यात खेळ नाहीच. खेळ इंटरनेटवरून उतरवायचा, कार्ड नुसता परवाना. मारिओ कार्ट या खेळाची ऐंशी डॉलर किंमतही कुणाच्या यादीत नव्हती. तरी पहिल्या चार दिवसांत ३५ लाख कन्सोल उठले.

आपल्याकडे अजून एक मौज. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे कन्सोल विकत नाही. जो येतो तो मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असला तरी टॅक्सीवाल्यालाही लॅमिंग्टनच कळतो, आणि दुकानदार किंमत चेहरा बघून सांगतो. वॉरंटी म्हणजे त्याची ओळख. दुसरी वाट परदेशातल्या नातेवाइकाच्या बॅगेची. तुमचा भाचा टोकियोहून येणार असेल आणि ‘मामा, इथे फारच स्वस्तात मिळतोय’ असं कळवत असेल, तर त्याला आधी थांबवा. तो फक्त जपानी भाषेचा मॉडेल आहे आणि त्यावर जपानचंच खातं चालतं. सगळ्या भाषांचा हवा तर जास्त मोजावे लागतात; २०२५ मध्ये तो ६९,९८० येनला होता, नुसता जपानी ४९,९८० ला. स्वस्तातला आणलात तर यंत्र उत्तम चालेल, फक्त मेनूमध्ये आवाज कमी कुठून करायचा हे विचारायला दर वेळी टोकियोला फोन, आणि तिकडे तेव्हा रात्रीचे दोन.