एरंड बळी

हाताने काडी घुसळून विस्तव पाडायचा छंद लागला की माणसाची लाकडाकडे बघायची नजर बिघडते. सागवान, शिसव, बाभूळ ही सगळी घरंदाज मंडळी इथे नापास. अग्नीला हवं असतं मऊ, हलकं, झाडावरच उभं वाळलेलं लाकूड. नख दाबलं की खूण उमटली पाहिजे आणि वाकवलं की काडकन मोडलं पाहिजे. खरं काम भुग्याचं असतं. घासून पडलेला भुगा करपून काळा होतो, काडीखालच्या पाटाच्या खाचेत साठतो आणि त्याच्या पोटात निखारा धरतो. कठीण लाकूड मुळी भुगाच सोडत नाही. नुसतं गुळगुळीत होऊन चकाकत बसतं.

म्हणून मी मेस्त्रींकडे पांगाऱ्याची फळी मागितली.

"पांगारा? त्याचं काय करणार, भाऊ? खिळा धरत नाही तो."

"म्हणूनच हवाय."

तेव्हापासून मेस्त्री माझ्याशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलतात.

फिरवायची काडी करंगळीएवढी जाड, हातभर लांब, सरळ आणि बिनगाठीची हवी. गाठ म्हणजे तळहातावर हमखास फोड. आत भेंड असेल तर फारच उत्तम, कारण मग सगळं घर्षण टोकाच्या कडेला होतं. या सगळ्या अटी पाळणारा उमेदवार परसातच उभा होता: एरंड. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात. आमच्याकडे चांगली आमराई असूनही तोच बळी ठरला.

शास्त्रापुरती शमी-पिंपळाची जोडी मोठी. यज्ञात मंथ्याला, म्हणजे घुसळायच्या दांड्याला, दोरी गुंडाळून दोघे-तिघे आळीपाळीने ओढतात, म्हणून तिथे शमीसारखं कठीण लाकूडही खपून जातं. एकट्याच्या तळहातांना ते परवडत नाही. पण लाकडाच्या निवडीवरून मतभेद तेव्हाही होतेच. शतपथ ब्राह्मणात गंधर्वांनी थाळीत घालून दिलेला अग्नी पुरूरवा रानात ठेवून जातो, परत येऊन बघतो तर अग्नीचा पिंपळ झालेला आणि थाळीची शमी. गंधर्व आधी सांगतात, वरची अरणी, म्हणजे घासायचं लाकूड, पिंपळाची कर, खालची शमीची. मग तेच म्हणतात, हे जरा गूढ आहे, दोन्ही पिंपळाच्याच कर. सल्लागार कच्च्या मालाबद्दल मत बदलतात, आणि हेलपाटे मात्र पुरूरव्याला. मला तर गंधर्वसुद्धा मिळाले नाहीत. मिळाले ते कुंपणावरून डोकावणारे शेजारी. त्यांच्या मते या सगळ्यावर उपाय म्हणजे काडेपेटी.

ऋग्वेदात अग्नीला धरणाऱ्या दहा बोटांना दहा कुमारी बहिणी म्हटलं आहे. त्यांच्या फोडांबद्दल मात्र तिथे चकार शब्द नाही. माझ्या बहिणींपैकी निम्म्या सध्या सुजून बसल्या आहेत, आणि बायको त्यांना रोज रात्री एरंडेल चोळते.