दोरीचं टोक

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. साडेतीन शहाण्यांत नाना अर्धे, कारण डोकं होतं पण तलवारीशी जमलं नाही. मंडणगड तालुक्यातल्या या गावात कासव महोत्सवाला स्वयंसेवक म्हणून येणाऱ्या पोरांना मात्र लगेच कळतं, की तलवार असती तरी काही उपयोग नव्हता. समोर पुण्या-मुंबईची माणसं असतात, आणि कोकणातल्या वळणांवर सहा तास हाडं खिळखिळी झाल्याचा मोबदला त्यांना आत्ता, याच किनाऱ्यावर हवा असतो.

कासवांना याची कल्पना नसते. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री येते, वाळूत शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. बाळंतपणानंतरचं काही तिच्याकडे नाही. पूर्वी ती अंडी कोल्ह्याकुत्र्यांच्या नाहीतर माणसांच्या पोटात जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना हाताशी धरून ती उचलायला आणि कुंपणाआड तशाच खड्ड्यात पुरायला सुरुवात केली. २००६ पासून महोत्सव भरू लागला. पिल्लं निघायला साधारण पन्नास दिवस लागतात. साधारण, कारण सगळं वाळू किती तापते त्यावर. पिल्लू नर होणार की मादी, हेही तीच ठरवते. सकाळ-संध्याकाळ खड्ड्यावरची टोपली उचलून बघायचं. पिल्लं असली तर सोडायची. नसली तर स्वयंसेवकाने गर्दीला तोंड द्यायचं.

बायोडेटात ज्याला ‘नेतृत्वगुण’ म्हणतात, ते इथून पुढे.

टोपली रिकामी निघाली की पोरांसाठी खेळ काढावा लागतो. मुलं पिल्लं होतात, पालक खेकडे, कुत्रे आणि घारी. समुद्र गाठायचा. हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं, असं सांगून झालेलं असतं. तरी आपलं बाळ पहिल्याच खेकड्याने धरलं की आया पंचांशी वाद घालतात. बाबा लोक घारी म्हणून फारच मन लावून काम करतात. आठवडाभर ऑफिसात दुसऱ्या बाजूला असतात बिचारे.

पिल्लं निघाली तर जास्त कठीण. ती उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणून फ्लॅश नको. वाळूवर चालणं त्यांना गरजेचं, म्हणून कोणी उचलून पाण्यात टाकायची नाहीत. दोन्ही बाजूंना दोरी, माणसं दोरीमागे. हे सगळं स्वयंसेवक घसा फोडून सांगतो, आणि एक काका शांतपणे दोरी ओलांडून थेट पिल्लासमोर उकिडवे बसतात.

“काका, प्लीज मागे या ना!”

“अरे, एकच फोटो.”

नवखा पोरगा शिट्टी काढतो. शेजारचा गावातला कासवमित्र ती त्याच्या हातातून काढून घेतो. “वरडतोस कशाला? दोरी दे त्यांच्याकडं.”

दोरीचं टोक हातात आल्यावर काकांचा आवाजच बदलतो. “ओ ताई, मागे! फ्लॅश बंद करा आधी! शिकलेली माणसं ना तुम्ही?” पुढची वीस मिनिटं त्या बाजूला कोणाची वाळूवर बोट टेकवायची टाप नसते. काकूसुद्धा निमूट मागे सरकतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून तरी हे घरी सहसा घडत नसावं.

रात्री मुक्कामाच्या घरी मोदकांवर तूप पडत असताना काका स्वयंसेवकाला गाठतात. उद्या सकाळी दोरीला कोण आहे, एवढंच त्यांना विचारायचं असतं. दुसऱ्या बाजूचा माणूस जरा ढिला वाटला म्हणे.