कुशीवर की पाठीवर?

आमच्या पुतणीच्या साखरपुड्यात, मुलाकडच्यांची अजून धड ओळखही झाली नव्हती, तेव्हा पोंक्ष्यांनी पेढ्यांचं ताट पुढे करत मुलाच्या वडिलांना विचारलं, "आपण कुशीवर झोपता की पाठीवर?"

व्याही सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. मानपान, देणंघेणं, कार्यालयाचं भाडं, सगळ्या प्रश्नांची तयारी करून आले होते. हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. विहीणबाई म्हणाल्या, "पाठीवर. म्हणून तर घोरतात." "मग पाच सेंटिमीटर पुरे," असं म्हणून पोंक्षे ताट घेऊन पुढच्या पाहुण्याकडे वळले.

पोंक्ष्यांना तुम्ही ओळखता. तुमच्याकडे त्यांचं आडनाव वेगळं असेल आणि ते गाद्यांऐवजी मिक्सर, चष्म्याच्या काचा किंवा पाण्याची टाकी घेत असतील. घेत असतील म्हणजे घेत नसतील. हा माणूस दुकानात जातो, दुकानदाराला त्याच्याच मालाची माहिती देतो आणि रिकाम्या हातानं, पण जिंकल्यासारखा परत येतो. आमच्या पोंक्ष्यांचा विषय म्हणजे हवेची गादी. मोटरसायकलवरून भटकायला जायचं, तंबू ठोकायचा, त्यात झोपायचं. त्यासाठी पाठीखाली घालायची, घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी होणारी गादी.

ते आमच्या समोरच्याच दारात राहतात. एकटा जीव सदाशिव. भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. क्वालिटीला असलेल्या माणसाला जगात दोनच प्रश्न पडतात: वस्तू मापात आहे का, आणि नसली तर कितीनं नाही.

2016 साली हिमालयन मोटरसायकल बाजारात आली, त्याच वर्षी पोंक्ष्यांनी ती घेतली. हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि पार्किंगमध्ये जाहीर केलं, "आता सह्याद्री पालथा घालायचा. गादी ठरली की निघालोच."

गादी ठरायला सात वर्षं लागली.

या सात वर्षांत ती गाडी दर रविवारी सकाळी बाहेर पडायची आणि बरोबर दोन तासांत परत यायची. खडकवासला, सिंहगडाचा पायथा, त्यापुढे मजल नाही. गाडीची टाकी पंधरा लिटरची. एकदा भरली की पुढच्या सणापर्यंत बघायला नको. आम्ही त्यांना 'दोन तासांचा हिमालय' म्हणायचो. तोंडावर म्हणायचो. ते हसायचे आणि घड्याळ बघायचे. घरी म्हातारी आई आजारी होती हे खरं. पण आजारी माणसं कोणाच्या घरात नसतात?

एकदा सकाळी मी दूध घेऊन जिना चढत होतो. पोंक्षे वरून उतरत होते. दोघांची गाठ दुसऱ्या मजल्यावर पडली आणि तिथेच पाऊण तास राहिली.

"साहेब, थंडी वरून येत नाही, खालून येते. जमीन अंगातली ऊब ओढून घेते. तुम्ही चार पांघरुणं घ्या, पाठीखाली आलेलं पांघरूण तुमच्याच वजनानं चेपतं. मग त्याचा उपयोग काय? काही नाही. आणि साध्या हवेच्या गादीत काय होतं? आतली हवा फिरत राहते. वरची ऊब उचलते आणि खाली जमिनीला नेऊन देते. हमाल आहे ती, हमाल!"

मग आर व्हॅल्यू आली. गादी थंडी किती अडवते त्याचा आकडा. साध्या गादीचा जेमतेम एक, आपल्या डिसेंबरला दोन-तीन पुरे, लडाखला चाराच्या वर हवा. 2020 पासून मोठ्या कंपन्या हा आकडा एकाच पद्धतीनं मोजायला लागल्या. त्याआधी जो तो आपल्या घरच्या तराजूत तोलायचा. शिवाय या आकड्यांची बेरीज होते: खाली दोनाची फोमची पट्टी, वर दोनाची गादी, झाले चार. मग आपोआप फुगणाऱ्या गादीचं पुराण: सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बोइंगमधून नोकरी गेलेल्या इंजिनिअरांनी सिएटलला बसून ती कशी काढली, फोमला हवाबंद कापड कसं चिकटवलं. "नोकरी गेली म्हणून झोप उडाली नाही त्यांची. उलट जगाची सोय केली," पोंक्षे म्हणाले. माझ्या हातातल्या पिशवीची आर व्हॅल्यू किती होती कोण जाणे, दूध मात्र नासलं.

निरोप घेताना त्यांनी विचारलं, "वहिनी कुशीवरच ना?"

मी दार लावून घेतलं.

हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नाही ते सांगणं सोपं. गॅस सिलिंडरवाल्याला विचारला. दाताच्या डॉक्टरांना, स्वतःचं तोंड उघडं असताना, खुणेनं विचारला. सोसायटीच्या वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' आले तेव्हा हात वर करून विचारला, आणि सेक्रेटरींनी सवयीनं तो इतिवृत्तात नोंदवला. त्यामागचं शास्त्र असं: पाठीवर झोपणाऱ्याचं वजन पसरतं, त्याला पातळ गादी चालते. कुशीवर झोपणाऱ्याचा सगळा भार खांदा आणि कमरेचं हाड या दोनच जागी येतो. तिथे गादी चेपली की हाड थेट जमिनीला. त्याला साडेसात-आठ सेंटिमीटर जाडी पाहिजेच. "हाडाखाली बोट घालून बघायचं. जमीन लागली की गादी नापास." हे सांगताना ते खरंच बोट घालून दाखवत. समोरचा माणूस उभा असला तरी.

दुकानात ते मला एकदाच घेऊन गेले. तेवढं पुरलं. पोंक्ष्यांनी चपला काढल्या, खिशातून व्हर्नियर काढला, गादीची जाडी चार ठिकाणी मोजली आणि दुकानाच्या मधोमध ती अंथरून तिच्यावर आडवे झाले. आधी पाठीवर. मग डाव्या कुशीवर. डोळे मिटून. गिऱ्हाइकं वळसा घालून जाऊ लागली. एका बाईंनी पाणी विचारलं. दुकानातला पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, यांना बरं वाटत नाही का?" पोंक्षे डोळे न उघडता म्हणाले, "दहा मिनिटं थांब बाळ, कमरेला काय वाटतं ते लगेच कळत नसतं."

त्या खटाटोपातून घेतली ती सगळ्यात स्वस्त, पीव्हीसीची. ती त्यांनी रविवारी गाडीला बांधून चाचणीला नेली. लवचिक दोऱ्या, आकडे, सगळं चोख. फक्त गुंडाळी सायलेन्सरच्या बाजूला आली. खडकवासल्याला वास सुटला. परत आले तेव्हा गादीच्या जागी काळ्या चिक्कीसारखं काहीतरी होतं. "धडा मिळाला," ते म्हणाले, "सायलेन्सरच्या बाजूला कापडाची थैली, प्लॅस्टिक नाही." दोन तास झाले होते. ते वर गेले.

पुढची गादी चांगली नायलॉनची आली, पण ती फुगवायची कशी यात दोन पावसाळे गेले. तोंडानं नाही, फुंकरीतला ओलावा आत साठतो, बुरशी धरते. मग गाडीच्या बारा व्होल्टवर चालणारा टायरचा पंप. पोंक्ष्यांनी हिशेब मांडला: लांबी 183, रुंदी 51, जाडी साडेसात, सत्तर लिटर हवा. टायरला हवा थोडी आणि दाब फार, गादीला हवा फार आणि दाब नावापुरता. चमच्यानं हौद भरण्यातला प्रकार. तो पंप पार्किंगमध्ये असा कोकलत राहिला की तिसऱ्या मजल्यावरचं झोपवलेलं बाळ उठलं. शेवटी त्यांनी कचऱ्याची मोठी काळी पिशवी घेतली, तिचं तोंड उघडून हवा कोंडली, गादीच्या तोटीशी धरली आणि पिशवीवर छाती टेकली. गादी भसाभस भरली. इतकं शास्त्र करून कचऱ्याच्या पिशवीवर आलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या काळात त्यांच्या घरातून रात्रंदिवस बारीक घूंऽघूं ऐकू यायचं, माशांच्या टाकीच्या पंपासारखं. आम्ही म्हणायचो, बसलेत गाद्या फुगवत.

पोंक्ष्यांची आई गेली. वर्षश्राद्ध झालं, त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी माझी बेल वाजवली. "गादी ठरली. भंडारदरा. येता का?" मी नाही म्हणणार होतो. पण सात वर्षांनी एखादं जहाज पाण्यात उतरत असेल तर बघायला जावंच.

डिसेंबर होता. ते हिमालयनवर, मी माझ्या जुन्या युनिकॉर्नवर. चाकणची गर्दी, नारायणगाव, आळेफाटा, अकोले, राजूर. दोन तास झाले तिथे पोंक्ष्यांनी गाडी रस्त्याकडेला घेतली, घड्याळ पाहिलं आणि हेल्मेट काढून नुसतेच उभे राहिले. मी विचारलं, काय झालं? "काही नाही," म्हणाले, "सवय." मला वाटलं, चहाची.

1926 साली पुरं झालेलं ते धरण, पलीकडे कळसूबाईचा सुळका, पाण्यावरून येणारा गार वारा. तंबू लागला. जेवण घेऊन आलेल्या गावातल्या मामांना पोंक्ष्यांनी पिठलं वाढून घेता घेता विचारलं, "मामा, कुशीवर की पाठीवर?" मामा म्हणाले, "झोपल्यावर कुनाला ठावं राहतंय?" सात वर्षांत या प्रश्नाला मिळालेलं हे एकच निर्दोष उत्तर. पोंक्षे बराच वेळ भाकरी हातात धरून बसले.

रात्री दहाला माझी गादी मऊ पडायला लागली. "फुटली नाही," पोंक्षे अंधारातून म्हणाले, "गार झाली. तिशीत भरलेली हवा दहावर आली की सहा-सात टक्के आकसते." थोड्या वेळानं माझी कंबर जमिनीला लागली. त्यांनी विजेरी पेटवून हाडाखाली बोट घातलं. नापास. खाली करवंदीचा काटा होता. ठिगळ लावलं तरी गोंद वाळायला सकाळ होणार. पोंक्ष्यांनी काही न बोलता आपली गादी, सात वर्षं निवडलेली, माझ्याकडे सरकवली आणि स्वतः फोमच्या पट्टीवर आडवे झाले. मी नको म्हणालो. एकदाच म्हणालो.

बारा वाजता कोणीतरी माझ्या कानाशी हळूच म्हणालं, "कुशीवर की पाठीवर?"

मी शिवी देणार होतो. पण तेवढ्यात एक हात खांद्याखाली आला, एक कमरेखाली. गुडघा आधी दुमडला गेला आणि मी, सत्याऐंशी किलोचा माणूस, अलगद डाव्या कुशीवर आलो. पाठीशी कपड्यांची गुंडाळी खोचली गेली. दोन गुडघ्यांच्या मध्ये जॅकेट आलं. मग दोन बोटांनी माझा खालचा कान चाचपला, पाळी दुमडली तर नाही ना म्हणून. आणि पोंक्षे परत आडवे झाले. विजेरी लावून पाहिलं. ते गाढ झोपेत होते.

दोन वाजता पुन्हा तसंच. खांदा, कंबर, गुडघा, कान. उजवी कूस.

आता मला झोप येणं शक्य नव्हतं. समोरच्या दारातली ती घूंऽघूं कशाची होती ते मला तिथे, धरणाच्या काठावर कळलं. अर्धांगाच्या माणसाखाली घालतात तो हवेचा बिछाना. त्याचे फुगे आळीपाळीनं भरतात, रिकामे होतात. तरी माणसाला दर दोन तासांनी वळवावं लागतंच, नाही तर हाडाच्या जागी कातडी फाटते. दिवसा बाई असायची. रात्री हे. आणि रविवारी बाईची सुट्टी.

चार वाजायला आले तेव्हा मी वाटच बघत होतो. अंधारात ते हलले. हात पुढे आला. का कोण जाणे, तो पोचायच्या आत मी आपणहून कूस बदलली. हात तसाच राहिला.

"वळलीस?" पोंक्षे झोपेत म्हणाले. आवाजात इतका आनंद मी कधी ऐकला नव्हता. "तुझी तू वळलीस?"

सकाळी त्यांना काही आठवत नव्हतं. चहाचा कप माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, झोप कशी लागली? मी म्हटलं, छान. त्यांनी वही काढली आणि लिहिलं: 'साडेसात सेंमी, कुशीवर, समाधानकारक.' मग पेन थांबलं. "पण कुठल्या कुशीवर?" मी म्हटलं, दोन्ही. ते खूश झाले. मला ते अजूनही वैतागवाणेच वाटतात. गेल्या आठवड्यात त्यांनी तंबूच्या खुंट्यांचा विषय काढला, आणि दुसऱ्या मजल्यावर माझं आणखी अर्धा लिटर दूध नासलं.

तर तुमच्याकडचे पोंक्षे कधी जिन्यात गाठ पडलेच, तर दुधाची पिशवी खाली ठेवा आणि विचारतील त्याचं खरं उत्तर द्या. आणि गादी घेणारच असाल तर पंचवीस इंच रुंदीची घ्या. वीस इंचीवर वळताना हात बाहेर पडतो.