दुसरा गिअर आणि दाजींचा अंगठा

दाजींच्या मोटरसायकलला पाच गिअर आहेत. पहिला खाली, बाकीचे चार वर. कोल्हापूरहून मालवणला लग्नाला निघालो तेव्हा त्यातला दुसरा आमच्याबरोबर येणार की नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. दाजींना गाडीला नावं ठेवलेली चालत नाहीत, आणि ते माझ्या बहिणीचे यजमान आहेत.

फुलेवाडी सुटली, बालिंग्याचा पूल गेला, तोवर सगळं सुरळीत होतं. पुढं उसाच्या ट्रॉल्या लागल्या. दाजींनी दुसऱ्यात टाकून मूठ पिळली, गाडी उसळली, आणि ट्रॉलीच्या बरोबर शेजारी पोचल्यावर ‘खट्’ झालं. इंजिन किंचाळायला लागलं आणि गाडी मंदावली. समोरून एसटी येत होती. आम्ही मुकाट्यानं ट्रॉलीच्या मागं आलो. उसावर बसलेल्या पोरानं कांडं सोलता सोलता विचारलं, “गिअर सुटला व्हय?”

संपूर्ण प्रवासात अचूक निदान करणारा तो पहिला माणूस. त्यानंतर बराच वेळ कुणी भेटला नाही.

कळ्याच्या चहावाल्याच्या मते क्लचची केबल सैल होती. पेट्रोल भरणाऱ्यानं ऑईलवर संशय घेतला. साळवणला एका सद्गृहस्थांनी दुरूनच “चेन!” म्हणून निकाल दिला, स्वतःच्या डिकीतले पाने काढले आणि आम्ही नको म्हणायच्या आत चेन ताणूनही दिली. वर चहाही पाजला. अशा माणसाला वाद घालून दुखवता येत नाही. पण क्लच घसरला तर इंजिनाचा आवाज हळूहळू चढत जातो, गिअर आपल्या जागी असतो. इथं आधी ‘खट्’ होत होतं आणि लिव्हर दाजींच्या पायाला धक्का देऊन परत येत होती. सैल चेन खडखडेल, उडी मारेल, फार तर निसटून पडेल. ती आत शिरून गिअर काढणार नाही. हे मी मागच्या सीटवरून सांगितलं. मागच्या सीटवरून सांगितलेलं वाऱ्यावर जातं.

गगनबावड्याला वाट फुटते, एक करूळ घाटाची आणि दुसरी भुईबावड्याची. आम्ही करूळ धरला. मी मनातल्या मनात गगनगिरी महाराजांना हात जोडले आणि दाजींची पँट मागून घट्ट धरली. दुसऱ्या गिअरनं अशा उतारावर दगा दिला तर गाडीला धरून ठेवणारं इंजिनच सुटतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पण काय सांगू! वळणामागून वळण गेलं, दुसरा गिअर जागचा हलला नाही. वैभववाडीत उतरलो तेव्हा दाजींचा चेहरा फुलला होता. “चेनच होती,” ते म्हणाले. साळवणच्या त्या सद्गृहस्थांचं नाव विचारायचं राहिलं, याची त्यांना तरळ्यापर्यंत चुटपुट लागली होती.

लग्न झालं. जेवण त्याहून चांगलं झालं.

परतताना गाडीवर मी, दाजी, नारळाचं पोतं, आमसुलं आणि बहिणीनं सांगितलेली सुकट. सुकटीमुळे मागचं कुठलं वाहन आमच्या फार जवळ येत नव्हतं, तेवढी सोय झाली. वैभववाडी सोडून घाट चढायला लागलो आणि पहिल्याच वळणावर ‘खट्’. पुढच्या वळणावर पुन्हा ‘खट्’. पहिल्यात इंजिन आक्रोश करत होतं, तिसऱ्यात धापा टाकत होतं, आणि घाटाला नेमका हवा होता तो दुसरा. कठड्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं आमची तीन-चारदा थांबून चाललेली चढाई बघितली आणि म्हणाला, “त्येका ऱ्हवाचा नाय, तर तुमी कित्याक आडयतास?”

दाजींनी मग त्यांचा ठेवणीतला उपाय काढला. दुसरा टाकायचा आणि लिव्हर पायाच्या अंगठ्यानं वर उचलून धरून ठेवायची. उभा करूळ घाट दाजींनी डाव्या अंगठ्यावर चढवला. गगनबावड्यात पोचलो तेव्हा अंगठा सुक्या बांगड्याच्या रंगाचा झाला होता.

कोल्हापुरात उद्यमनगर असताना गाडी दुसरीकडे दाखवणं हा गावाचा अपमान आहे. शेतीच्या ऑईल इंजिनांचे भाग ओतण्यात आणि कातण्यात तिथल्या माणसांची हयात गेलेली. दोन लेथच्या मधल्या बोळात आमचा मिस्त्री बसला होता. त्यानं गाडीला हातही लावला नाही.

“कंचा सुटतोय?”

“दुसरा.”

“ओढताना, का मूठ सोडल्यावर?”

एवढ्या प्रवासात हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. उतरताना टिकला, चढताना सुटला, असं सांगितल्यावर तो म्हणाला, “मग ओढायची बाजू खाल्लीया. सोडायची बाजू शाबूत हाय.” चेन ताणणाऱ्याची कीर्ती तिथंच संपली.

उघडण्याआधी त्यानं स्वस्तातल्या शंका मिटवल्या. लिव्हर वाकून फूटरेस्टला अडते का? नाही. क्लचच्या बाजूचं झाकण काढून चांदणीसारख्या चकतीवर दाबून बसणारा रोलर आणि त्याची स्प्रिंग बघितली. ही स्प्रिंग मेली तरी गिअर जागेवर थांबत नाही, आणि ती बदलायला इंजिन फोडावं लागत नाही. पण ती ठणठणीत होती. मग ऑईल काढून त्यात लोहचुंबक फिरवला. चुंबकावर पोलादाचा चुरा आला आणि दाजींनी मान दुसरीकडे वळवली.

इंजिनाचे दोन्ही अर्धे वेगळे झाले. गिअरच्या कडेचे दात तर सदैव एकमेकांत अडकलेलेच असतात, ते कधी सुटत नाहीत. गिअर पडतो म्हणजे शाफ्टवर सरकणारा एक गिअर शेजाऱ्याला जाऊन भिडतो आणि त्याच्या अंगावरचे जाड खुंट शेजाऱ्याच्या खाचांत शिरतात. मिस्त्री त्यांना डॉग म्हणतात. आमच्या खुंटांचे कोपरे झिजून गोल झाले होते. ओढ लागली की ते एकमेकांवरून घसरून बाहेर यायचे. गिअर सरकवणारा फोर्क तर टोकाला निळा पडला होता. कारण लिव्हर दाबून धरली की फोर्क फिरत्या गिअरच्या खोबणीवर सतत घासतो आणि जळतो. म्हणजे घाटातल्या उपायानं दुसरा आजार लावून ठेवला होता.

“आता पाय बघू,” मिस्त्री म्हणाला.

दाजींच्या पायात कोल्हापुरी. ते गाडीवर दुसरं काही घालत नाहीत. पहिल्यातून दुसऱ्यात जायचं तर न्यूट्रल ओलांडून लिव्हर ठामपणे उचलावी लागते. उघड्या अंगठ्याला ते टोचतं. म्हणून दाजी ती हळूच, लाडानं उचलत. खुंट अर्धेच शिरत आणि कोपऱ्यांवर ओढ घेत. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यात गिअरबॉक्सवरच्या परिणामांचा उल्लेख नसावा.

नवी जोडी मिळत असेल तर ती घालावी, असं माझं मत आहे. या जुन्या मॉडेलची मिळेना. मग मिस्त्रीनं दुसरा मार्ग काढला. त्यानं दोन्ही तळहात सरळ एकमेकांवर ठेवून ओढून दाखवले, ते सुटले. मग बोटं आकड्यासारखी वाकवून एकमेकांत अडकवली आणि ओढली, ती आणखी घट्ट बसली. खुंटाच्या आणि खाचेच्या भिडणाऱ्या बाजू तीन ते पाच अंश आतल्या अंगाला तिरक्या घासायच्या, की जितकी ओढ जास्त तितके गिअर एकमेकांकडे खेचले जातात. ड्रॅग रेसवाले तर कोऱ्या गिअरलाही हे करून घेतात. मात्र पोलादाचा कडक थर वरवरचा असतो. जास्त घासलं, किंवा घासताना तापवलं, तर आत मऊ धातू उघडा पडतो. आणि सगळे खुंट सारखे हवेत, नाहीतर सगळा भार एकट्यावर. ग्राइंडरवरच्या पोरानं जीभ दातात धरून ते काम केलं, त्यापेक्षा गंभीर चेहरा मी परीक्षेच्या हॉलमध्येही पाहिलेला नाही.

नव्या फोर्कसह गाडी जोडून झाली. दुसरा आता असा बसतो की मूठ सोडल्याशिवाय बाहेर यायला राजी नसतो. मिस्त्रीनं बूट घालायला सांगितलं. दाजींनी बिल काढायला सांगितलं. शेवटी तडजोड म्हणून टाचेनंही दाबता येणारी दुहेरी लिव्हर बसवली. आता वरचे गिअर टाचेनं पडतात, अंगठा मोकळा.

महिन्याभरात दाजींची डावी चप्पल टाचेला झिजली. मी त्यांच्याबरोबर चप्पल लाईनला गेलो. चप्पलवाल्यानं ती उलटी केली, टाचेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “गाडीला गिअर किती हाईत?”