तीन आख आणि सहा छर्रे

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे निघालं की ऊस सोबतीला येतो. हंगामात तर तो डांबरावरही सांडलेला असतो. या रस्त्यालगतच्या एका गॅरेजात आमच्या मामांची जुनी नॅनो मागचं एक चाक उतरवून तिरकी उभी होती, आणि शेजारी मामा, मांडवात मुलीच्या बापाने उभं राहावं तसे, हात बांधून, सगळ्यांवर लक्ष ठेवून. ॲक्सलवरचा रबरी बूट वयोमानाने चिरला होता. आतलं ग्रीस उडून चाकाच्या आतल्या अंगावर काळी नक्षी उमटली होती. गाडी उचल घेताना खालून 'टक्' असा हुंकार यायचा, आणि मामा गेले काही आठवडे त्याला न चुकता "काय गं?" म्हणत होते.

गॅरेजात काम असो नसो, बघे असतातच. त्यांतल्या एकाने पुढचं बॉनेट उघडायला लावलं. आत स्टेपनी. "इंजान कुणी न्हेलं?" त्याने इतक्या कळवळ्याने विचारलं की वस्तादालाही हसू आवरेना. नॅनोचं इंजिन मागच्या सीटखाली. ताकद जाते तीही मागच्याच चाकांना. पिंपरीत या गाडीची आखणी झाली, 2008च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात तिचं मुखदर्शन झालं, 2018मध्ये उत्पादन थांबलं. आपल्याच जिल्ह्यातली लेक, म्हणून मामांना तिचं जरा जास्तच.

ॲक्सल काढण्याची सुरुवात झाली होती ती चाकं जमिनीवर असतानाच. हबचा नट इतका घट्ट, की चाक हवेत घेतलं तर नटाबरोबर तेच फिरतं. "काका, ब्रेक दाबून धरा." मामांनी असा दाबला, जणू गाडी घाटात उभी आहे. मग लांब पाइप लावलेला पाना, एक कण्हल्यासारखा आवाज, आणि नट सुटला. पुढे चाक उतरलं, गिअरबॉक्सच्या तोंडाशी पहार अडकवून हलका झटका दिला, तशी ॲक्सल बाहेर आली आणि मागोमाग ऑइलची संथ धार. पोऱ्याने कापलेला डबा आधीच खाली सरकवून ठेवला होता.

ॲक्सलच्या टोकाला, त्या बुटाखाली असतो तो सीव्ही जॉइंट उघडला तेव्हा खरी गंमत. आतली पिंजरी तिरकी करायची, की एक छर्रा वर येतो. पुन्हा तिरकी, पुन्हा एक. असे सहा. साधा फुलीचा जोड वाकवून फिरवला तर पुढचा दांडा एका फेऱ्यात दोनदा घाई करतो, दोनदा रेंगाळतो. हे छर्रे मात्र दोन्ही दांड्यांमधल्या कोनाच्या नेमक्या मध्यावर राहतात, त्यामुळे दांडा कितीही वाकला तरी दोन्हीकडचा वेग सारखा. फोर्डमधल्या आल्फ्रेड झेप्पा नावाच्या इंजिनिअरने 1920च्या दशकात ही युक्ती काढली. मध्यस्थाने दोन्ही बाजूंना इतकं सारखं अंतर राखलेलं मी भावकीत तरी पाहिलेलं नाही.

ॲक्सल म्हणजे शेवटी आखच. आजोबांच्या बैलगाडीचा आख मात्र फिरायचाच नाही, तो स्थितप्रज्ञ. चाकं त्याच्याभोवती आपापल्या मर्जीने फिरत, म्हणून वळणावर बाहेरच्या चाकाने जास्त धावायला कुणाचीच हरकत नसे. त्यांना लागे फक्त वंगण. दौंडला आगगाडी पाहिली तेव्हा उलटंच: दोन्ही चाकं आखाला जखडलेली, सुटका नाही. मग वळणं कशी घ्यायची? तर चाकांचा घेर एका अंगाला किंचित निमुळता. वळणावर जोडी थोडी बाहेर सरकते, बाहेरचं चाक मोठ्या घेरावर चालतं आणि तंटा मिटतो. हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी दौंडचा चमत्कार वेगळाच होता. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन तिथे दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने निघायची. आजी दर वेळी पिशवी उचलून उभी राहायची, "अरे, हा परत पुण्याला नेतोय!" शेजारचे लोक तिला समजावत, आणि नगर येईपर्यंत ती खिडकीतून ओळखीची झाडं शोधत बसे.

तोवर जुनं ग्रीस पुसून छर्रे धुऊन झाले होते. जो ज्या खाचेतला, तो त्याच खाचेत. मामांनी मोजले, पुन्हा मोजले. नवं काळं ग्रीस बोटांनी दाबून भरलं, नवा बूट चढला, पट्टी आवळली.

"काका, उजव्या बाजूचाही चिरत आलाय. आत्ताच करून टाकू?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि पोऱ्याला आणखी चार कटिंग सांगायला पाठवलं.